उत्तरेची भिंत

रविवार, १४ मार्च

ती. आई,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? "बरा आहे" असं लिहू नका, ते तुम्ही नेहमीच लिहिता. न थांबता किती पायऱ्या चढता येतात ते लिहा, म्हणजे मला खरं कळेल. ताईंना म्हणावं, उशाशी दिवा ठेवायचा तो डाव्या अंगाला ठेवा. उजवीकडे ठेवला की तुम्ही चाचपडत राहता आणि कुणाला सांगत नाही.

इकडे सगळं ठीक. तुमच्या खोलीची खिडकी रोज उघडते. तुम्ही लेकीकडे गेल्यापासून बाल्कनीतला गुलाब रुसल्यासारखा नुसती पानं काढत होता, परवा एक कळी धरलीय. खालच्या मजल्यावरच्या काकू दिसल्या की विचारतात, "म्हातारी कधी येणार?" मी म्हणते, "म्हातारी म्हणालात हे तिला कळलं, तर उद्याच येईल."

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्हांला वाटेल. फोनवर तुम्हांला माझं नीट ऐकू येत नाही. मग ताई शेजारी उभ्या राहून माझं प्रत्येक वाक्य तुम्हांला मोठ्यानं सांगतात. गुडघ्याच्या गोळ्यांपुरतं ते ठीक आहे. आज जे सांगायचंय ते तसं सांगण्यासारखं नाही.

मागच्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये चढावरच्या टाकीचे कोर आले. कोर म्हणजे भिंतीत यंत्र फिरवून काढलेला गोल तुकडा, मोठ्या पेल्याएवढा. आणि चढावरची टाकी म्हणजे आपलीच टाकी, यांनी उभी करून घेतलेली. तिच्या उत्तरेच्या भिंतीला बाहेरून ओल आलीय. वर्षभर तिथे रंगाचे पोपडे निघत होते, आता हात लावला तर हात ओला होतो. पाणीपुरवठ्याची एक तरुण इंजिनीअर ते तुकडे घेऊन आली. चुणचुणीत मुलगी आहे, कामाला चोख. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. पेटी टेबलावर ठेवता ठेवता म्हणाली, "सुपरवायझरनं हयगय केली असणार. आता तो हयातही नाही म्हणे. विचारणार कुणाला? वरचे लोक म्हणतायत, पाडा आणि नवी बांधा."

आई, मी पोचपावतीवर सही केली, पेटी आत नेली आणि बराच वेळ नळ सोडून हात धूत उभी राहिले.

मग साहेबांकडे जाऊन सांगितलं की ही चाचणी मला देऊ नका, माझ्या नवऱ्याचं काम आहे. त्यांनी ती काटेकोरांकडे दिली.

काटेकोर हे त्यांचं नाव नव्हे, हे मागे एकदा तुम्हांला सांगितलं होतं, पण तुम्ही विसरला असाल. लॅबमधला वजनकाटा त्यांच्या ताब्यात असतो आणि येणारे कोरही. त्यातून कुणीतरी हे नाव जोडलं. समोर सगळे सर म्हणतात, पाठीमागे काटेकोर. स्वभावही तसाच. वजन करताना पंखा बंद. कुणी जोरात बोललेलंसुद्धा चालत नाही. एकदा साहेबांनाच म्हणाले, "श्वास तिकडे वळून सोडा." साहेब वळले.

चाचणी काय असते, सांगते. तुकड्याची जाड चकती कापायची. भट्टीत वाळवायची, वजन उतरायचं थांबेपर्यंत. बाजूंना लेप लावायचा, म्हणजे पाणी फक्त खालून शिरेल. मग उथळ ताटात दोन बारीक सळ्यांवर ती ठेवायची, आणि पाणी इतकंच भरायचं की तिचा तळ जेमतेम बुडेल. बाकी काही करायचं नाही. काँक्रीट आपोआप पाणी वर ओढून घेतं. ठरलेल्या वेळी उचलायची, ओलसर फडक्यानं तळ टिपायचा, वजन करायचं, परत ठेवायची. फडकं कोरडं असेल तर आतलं पाणीही ओढतं, फार ओलं असेल तर उलट पाणी लावतं. सगळी कला त्या टिपण्यात आहे. वाढलेलं वजन म्हणजे प्यायलेलं पाणी. घट्ट काँक्रीट थोडं पितं आणि थांबल्यासारखं होतं. सैल असेल तर घटाघटा पितं.

मला त्या खोलीत जायचं कारण नव्हतं, तरी गेले. काटेकोरांनी एक स्टूल भिंतीला लावून ठेवलं आणि म्हणाले, "इथे बसा. काट्याकडे बघू नका, चकतीकडे बघा." लेप पारदर्शक होता. त्यातून ओलीची काळी रेघ दिसत होती. आई, ती रेघ डोळ्यांदेखत चढत होती. एरवी दिवस दिवस रेंगाळते, ही संध्याकाळच्या आत माथ्यापाशी पोचली. काट्याकडे बघायची गरजच नव्हती.

मी म्हटलं, "हा तुकडा वाईट निघाला असेल. दुसरा घ्या."

त्यांनी दुसरा घेतला. पुढच्या आठवड्यात तिसरा. तिन्ही तसेच.

"थोडं वाळवण्यात कमी-जास्त झालं असेल," मी म्हणाले. काय बोलतेय ते मला कळत होतं.

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "मी आकडा बदलू शकत नाही," म्हणाले. "तुमच्यासाठी तर नाहीच."

ते "तुमच्यासाठी तर नाहीच" मला इतकं लागलं की मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. डबा घेऊन बाहेर पायरीवर बसायला लागले. घरी येऊन यांच्या फोटोसमोर उभं राहवेना. तुम्हांला आठवतं ना, काँक्रीट ओतलं की हे कसे वागायचे? पहिले काही दिवस त्याला सतत ओलं ठेवावं लागतं, नाहीतर ते आतून घट्ट होत नाही आणि जन्मभर तहानलेलं राहतं. म्हणून हे सुट्टीच्या दिवशीही साइटवर जाऊन भिंतींना पाणी मारलं का बघायचे. बूट चिंब करून घरी यायचे आणि तुम्ही दारातच अडवायच्या. त्या माणसाची भिंत अशी निघावी? उत्तरेच्या भिंतीला तेव्हा पाणी का मारलं गेलं नाही, हे कळायला आता काही मार्ग नाही.

असो. पुढे काय झालं ते सांगते. मग दुसरं एक आहे, तेही सांगते.

मी रुसून बसले होते त्या दिवसांत काटेकोर सुट्टीच्या दिवशीही लॅबमध्ये येत होते. मला वाटलं, राहिलेलं काम असेल. ते इंजिनीअर मुलीबरोबर टाकीवर जाऊन आले होते आणि उरलेल्या तिन्ही भिंतींचे तुकडे काढून आणले होते. ते कुणी मागितले नव्हते. त्यांचं म्हणणं, चारांतली एकच भिंत तपासून पुरी टाकी पाडायची असेल तर तो अहवाल अर्धाच आहे, आणि अर्ध्या अहवालावर ते सही करत नाहीत. मुलीनंही वरच्यांशी भांडून परवानगी आणली.

एके सकाळी त्यांनी मला हाक मारली. ताटात तीन चकत्या ठेवल्या होत्या. पाण्यात ठेवून कालचा अख्खा दिवस आणि रात्र उलटली होती. रेघ बोटभरसुद्धा चढलेली नव्हती. तिन्हींची तीच गत.

"इतक्या जुन्या टाकीचं इतकं घट्ट काँक्रीट मी फार कमी बघितलंय," ते म्हणाले. "हे मी तुम्हांला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीये."

"माहीत आहे," मी म्हणाले. "बरं वाटावं म्हणून तुम्ही काही बोलतच नाही."

मग मला रडू आलं. ते पंखा लावायला गेले. काटा चालू होता, तरी लावला.

टाकी पाडणार नाहीत, आई. परवा ठरलं. उत्तरेची भिंत आतून खरवडून तिला नवा थर देणार, बाकीच्या तिघींना हात लावणार नाहीत. मुलगी मला शोधत आली होती. मी कोण हे तिला कळलं होतं. म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला नको होतं." मी म्हटलं, "तुमच्या हातात एकच भिंत होती. तुम्ही तरी काय बोलणार?" दोघींनी चहा घेतला.

आता दुसरं. हे लिहायला बसल्यापासून मी दोनदा उठून गुलाबाला पाणी घालून आलेय. आता घातलं तर तो कुजेल.

बुधवारी आम्ही दोघं ताटं धूत होतो. काटेकोर म्हणाले, "तुम्ही पायरीवर एकट्या बसून डबा खाता. मी आत एकटा खातो. हे काही बरोबर नाही."

मी म्हटलं, "बरं, उद्यापासून टेबलं जोडू."

ते जरा वेळ ताट पुसत राहिले. ते आधीच कोरडं होतं. "मी टेबलांबद्दल बोलत नाहीये," म्हणाले.

आई, मला कळलं. आधीच कळलं होतं बहुतेक, म्हणून तर टेबलं मध्ये घातली. मी नुसती ताटं जागेवर लावत राहिले. शेवटी मी म्हणाले, "माझ्या घरात माझ्या सासूबाई आहेत. आत्ता लेकीकडे गेल्यात, पण परत येणार आहेत. ती खोली त्यांची आहे." मला वाटलं, हे ऐकून ते विचारात पडतील. ते म्हणाले, "त्यांना तिखट चालतं का? मला फक्त तिखटच करता येतं."

त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लग्न केलेलं नाही. आई लहानपणीच गेली. वडील बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यांचं सगळं काटेकोरांनीच केलं. ते गेले तोवर लग्नाचं बोलायला कुणी उरलं नाही. केस बरेच पांढरे आहेत. हसतात कमी, पण हसले तर पुरतं हसतात.

मी अजून हो म्हटलेलं नाही. मनात काय आहे ते तुमच्यापासून लपवत नाही. मला हो म्हणायचंय. संध्याकाळी कुलूप उघडते आणि घरात माझ्या किल्लीचाच तेवढा आवाज होतो, त्याला मी कंटाळलेय. पण नुसता कंटाळा म्हणून नव्हे. त्या माणसाशेजारी स्टुलावर बसून माझ्या आयुष्यातली वाईट बातमी मी बघितली, आणि उठून पळावंसं वाटलं नाही. हे गेल्यापासून असं कुणाशेजारी वाटलं नव्हतं.

मी परवानगी मागत नाहीये. मागितली तर तुम्ही द्याल, आणि मग ती खरी होती की माझ्यासाठी दिली हे मला कधी कळणार नाही. पण तुम्हांला आधी न सांगता मी कुणालाच हो म्हणू शकत नाही. तुम्हांला दुखलं तर तसं लिहा. रागावलात तरी चालेल. फक्त "बरं आहे" एवढंच लिहू नका.

उत्तराची वाट बघतेय. रोज कामावरून आल्यावर आधी पत्रपेटी उघडते, मग जिना चढते.

तुमच्याच घरातून,
तुमची सून


शनिवार, २७ मार्च

पोरी,

अनेक आशीर्वाद. सात पायऱ्या. मग कठडा धरून दम खाते, मग पुढच्या. खरं विचारलंस, खरं सांगितलं. दिवा डाव्या अंगाला आणलाय.

उत्तराला उशीर झाला. हात थरथरतो हे एक, आणि काय लिहावं ते कळत नव्हतं हे दुसरं.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते घडी करून उशीखाली ठेवलं आणि जेवायला उठले नाही. मला आवडलं नाही. खोटं लिहून काय करू? वाटलं, आता त्या घरात माझ्या लेकाचं नाव काढणारं कुणी राहणार नाही. त्याच्या जागी कुणीतरी दुसरा टॉवेल वाळत घालेल. टॉवेलच का डोळ्यांपुढे आला, देव जाणे, पण त्याच्यावरून मी दुपारभर रडले.

ताईनं डोळे बघितले. मग तिच्यापाशी सांगावंच लागलं. तिला वाटलं, आई रडते म्हणजे आपण चिडलं पाहिजे. लागली बोलायला. तिला हे शोभतं का, एवढ्यात विसरली का, लोक काय म्हणतील, सगळं. पाच मिनिटं मी ऐकून घेतलं. मग मलाच राग आला. म्हटलं, "तोंड आवर. मी पडून होते तेव्हा माझी अंथरुणं कुणी धुतली? तू दोन दिवस येऊन फळं ठेवून गेलीस. तुझा भाऊ गेल्यावर माझ्याजवळ कोण राहिलं? तिला माहेर नव्हतं का? तिचं वय काय होतं तेव्हा? आणि लोकांचं मला सांगू नकोस, लोक माझ्या गुडघ्याला तेल चोळायला येत नाहीत." बोलत सुटले. तिला समजावता समजावता माझं मलाच पटलं. रात्री ती माझ्या शेजारी येऊन झोपली. सकाळी म्हणाली, "मी वहिनीला फोन करू का?" मी म्हटलं, "आधी माझं पत्र जाऊ दे."

आता भिंतीचं.

कारण कळायला मार्ग नाही असं तू लिहिलंस. पोरी, तू लिहिताना तिथे थांबलीस, तुझं अक्षर तिथे बदललंय. मार्ग आहे. तुला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. उत्तरेची भिंत ओतली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. तू घरून डबा आणायचीस आणि लेक माझ्या खाटेपाशी बसून असायचा. मला कळलं तर मी स्वतःला बोल लावत बसेन, म्हणून तू ते लिहिलं नाहीस. तुझा जीव मला कळतो. पण त्या खोलीत तू नसताना काय झालं ते तुला माहीत नाही. ते ऐक.

रोज संध्याकाळी तो बाहेर जाऊन साइटवर फोन करायचा. दार उघडं असायचं, मला ऐकू यायचं. तेव्हा कान चांगले होते. "पाणी मारलं का? उत्तरेच्या भिंतीला मारलं का?" पलीकडून हो म्हणत असणार. पण आत आला की त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं, त्याला ते पटलेलं नाही. एकदा मी म्हटलं, "अरे, जाऊन बघून ये. मी काही पळून जात नाही." तेव्हा मला चमच्यानं पाणी पाजावं लागत होतं, ओठ नुसते ओले करायचे, जास्त दिलं तर उलटी. नर्सबाई घाईत असायच्या, त्यांच्या हातून सांडायचं. त्यानं चमचा भरला, माझी मान हातावर घेतली आणि म्हणाला, "भिंतीला पाणी दुसरं कुणीतरी मारेल. तुला कोण पाजणार?"

एवढंच बोलला. परत भिंतीचं नाव काढलं नाही. फोन मात्र रोज करायचा.

म्हणून मला त्या भिंतीची लाज वाटत नाही, आणि मी स्वतःला बोलही लावणार नाही. तूही त्याच्यासाठी खाली बघू नकोस. त्याला दोन तहानलेली माणसं दिसत होती, त्यातलं एक त्यानं निवडलं. भिंतीला माणूस म्हणतेय, हसू नकोस. तोही तसंच बोलायचा. त्या इंजिनीअर मुलीला सांग, हयगय नव्हती, आजारी आई होती. तिला कळेल. आणि भिंतीला नवा थर देतील तेव्हा या वेळी पाणी मारतायत का, ते तू स्वतः जाऊन बघ. फोनवर विश्वास ठेवू नकोस.

त्याच्या फोटोसमोर उभं राहवत नाही म्हणालीस. आता राहा. आणि तो फोटो होता तिथेच ठेव. तुझ्या त्या काटेकोरांना त्याची अडचण होत असेल तर मला आधी कळव. पण होणार नाही असं वाटतं. ज्यानं सुट्टी मोडून माझ्या लेकाच्या तीन भिंती तपासल्या, त्याला फोटोचं काय वाटणार?

त्यांनी तुझ्यासाठी आकडा बदलला नाही, याचा तुला राग आला. मला बरं वाटलं. बदलला असता तर मी या पत्रात "नाही" असंच लिहिलं असतं आणि तुला उलट बोलू दिलं नसतं. जो तुझ्या आर्जवालाही भुलला नाही, तो पुढे तुला कधी फसवणार नाही. थोडा रुक्ष वाटतो. पण पंखा लावला म्हणतेस, म्हणजे अगदीच नाही.

मला तिखट चालत नाही. बेताचं करायला शिकायला सांग.

पुढच्या महिन्यात ताई मला आणून सोडतेय. जिना चढायला वेळ लागेल, खालच्या काकूंना मध्ये गाठू देऊ नकोस, नाहीतर त्या मला पायरीवरच पकडून बसतील. आल्यावर दोन दिवसांनी काटेकोरांना जेवायला बोलाव. मी काही परीक्षा घेणार नाही. थोडी घेईन. पण तोवर ताटकळत ठेवू नकोस त्यांना. या वयात वाट बघायला लावणं बरं नव्हे. हे पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशीच जाऊन हो म्हण, आणि टेबलांचं काहीतरी मध्ये घालू नकोस.

टॉवेलाचं मी मनातून काढतेय. आज थोडं निघालं, उद्या आणखी निघेल. मधूनच एखाद्या दिवशी मी गप्प बसलेली दिसेन, तेव्हा जवळ येऊन विचारू नकोस, माझी मी उठेन.

आणखी एक. तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात असणार की हे झाल्यावर मी तुझी कोण. त्यांची आई लहानपणीच गेली म्हणतेस. म्हणजे तुला त्या बाजूनं सासू नाही. ती जागा मी कुणाला देत नाही.

आधीची आणि पुढचीही,
तुझी सासू